जुन्या यंत्रांचा सांभाळ

नांदेडच्या कार्यालयात वा लातूरच्या शिकवणी वर्गात ज्या संगणकावर दप्तराचे काम आजही बिनबोभाट चालते, त्याचे आयुष्य केवळ लोखंड-तांब्यावर नव्हे, तर त्यातील कार्यप्रणाली सांभाळणाऱ्यांच्या निष्ठेवरही अवलंबून असते.

मुदत : ‘विंडोज १०’ची नियमित मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, ‘विंडोज ११’ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सोय आवश्यक असल्याने अनेक धडधाकट यंत्रे अधिकृतपणे अपात्र ठरली.

सांभाळ : इंटेलने ‘३८६’ प्रोसेसरचे उत्पादन २००७ मध्ये थांबविले, तरी लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीने त्याचा आधार २०१३ पर्यंत राखला. ‘इटॅनियम’ हा प्रोसेसर मात्र २०२४ च्या आरंभी लिनक्समधून वगळला गेला. कारण ज्या यंत्रावर प्रत्येक बदल तपासून पाहणारा कोणी उरत नाही, त्याचा आधार कागदोपत्रीच राहतो.

पर्याय : ऑगस्ट २०२५ मधील ‘डेबियन १३’ ही लिनक्स-आवृत्ती नव्याने बसविण्यास ६४-बिट यंत्र लागते, ३२-बिट यंत्रांसाठी ‘नेटबीएसडी’ ही कार्यप्रणाली अद्याप उपलब्ध आहे.

ध्यानात ठेवा : वीज जाताच तारीख मागे सरकत असेल, तर मदरबोर्डवरील रुपयाएवढा ‘सीआर २०३२’ सेल बदलावा, चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत. एवढ्या क्षुल्लक कारणास्तव उपयुक्त यंत्र भंगारात जाणे, हा ते घडविणाऱ्यांच्या आणि सांभाळणाऱ्यांच्या श्रमांचा अव्हेर होय.