पूर ओसरला, धोका नव्हे

पूर चढत असतो तेव्हा सारे गाव जागे असते. तो ओसरू लागला की जागरूकताही त्याच्याबरोबर ओसरते. सेनगाव तालुक्यातील गोरेगावसारख्या गावांना हे सांगावयास नको. हिंगोली जिल्ह्याच्या उत्तरेस पैनगंगा, मधून कयाधू आणि नैर्ऋत्येस येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे अंगावर वागविणारी पूर्णा. पाऊस थांबतो, ऊन पडते, तुडुंब जलाशय शांत दिसू लागतो आणि होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. खरा धोका या शांततेतच दडलेला असतो.

कारण पुरानंतरचा जलाशय हा नावाड्याच्या ओळखीचा जलाशय राहिलेला नसतो. उन्हाळ्यात ज्या उघड्या जमिनीवर गाळपेर होते, तेथील बांध, बाभळी, कुंपणाचे खांब, विहिरींचे कठडे आता पाण्याखाली असतात. गढूळ पाण्यात हातभर खोलीवरचे खोडही दिसत नाही. वाहून आलेले ओंडके अर्धवट बुडून तरंगतात, तुटलेली जाळी यंत्राच्या पंख्यात गुंततात. पाणी चढल्यामुळे विजेच्या तारा उभ्या माणसाच्या हातातील बांबूच्या टप्प्यात येतात. धरणाचे दरवाजे उघडे असतील, तर वरून निश्चल भासणारे पाणीही नावेला सांडव्याकडे ओढू लागते.

त्यात माणसांचा भार वाढला की संकट पूर्ण होते. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून सुटकेसाठी निघालेली नाव उलटून सतरा जणांचा बळी गेला. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती. पूर नसतानाही पाणी क्षमा करीत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने नाव उलटून सहा जण बुडाले.

यावर एक रास्त प्रश्न विचारला जातो : नाव बंद ठेवली तर दूध, बाजार, शाळा यांचे काय? गंगापूर तालुक्यातील भिवधानोऱ्याची मुले थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेला जातात, हे २०२३ साली साऱ्या महाराष्ट्राने वाचले. पलीकडे जाणे ही तेथे हौस नव्हे, निकड आहे. परंतु निकड जितकी मोठी, तितकी व्यवस्थेची जबाबदारीही मोठी. पूल होईपर्यंत सुरक्षित नाव देणे हे उपकाराचे काम नव्हे.

१९१७ चा कायदा मागे पडून २०२१ साली अंतर्देशीय नौकांसाठी नवा कायदा झाला. यंत्राविना चालणाऱ्या नावांचाही विचार त्यात आहे. मात्र कायदा राजपत्रातून घाटावर आपोआप उतरत नाही. पुरानंतर नावेचा मार्ग दिवसाउजेडी बांबूने चाचपून खुणा रोवाव्यात; तोवर प्रवासी घेऊ नयेत. नावेच्या कडेवर भाराची रेषा ठळक रंगवावी आणि ती बुडताच चढणाऱ्यास थांबवावे. प्रत्येकास जीवरक्षक जाकीट द्यावे. ते नावेच्या तळाशी पडून राहिले तर निरुपयोगी. वारा सुटला वा दरवाजे उघडण्याची सूचना आली, तर नाव सुटू नये.

यांतील एकाही गोष्टीस मोठा खर्च लागत नाही. लागतो तो भरल्या नावेपुढे उभे राहून ‘आता पुरे’ म्हणणारा माणूस. हा अधिकार ग्रामपंचायतीने नावाड्यास द्यावा, शिक्षकांनी त्याचे महत्त्व मुलांस सांगावे आणि काठावर थांबलेल्यांनी त्याचा राग मानू नये. पुढच्या खेपेची वाट पाहण्यात गेलेली अर्धी घटका भरून काढता येते. बुडालेली खेप भरून काढता येत नाही.