वय चौदा, हातात पाना!

आयटीआयला प्रवेश घ्यायला किमान वय किती लागतं? अठरा म्हणाल, निदान सोळा तरी. खरं उत्तर आहे १४ वर्षं पूर्ण. आणि वरची मर्यादा? ती नाहीच! पुतण्या आणि काका एकाच बाकावर बसून वेल्डिंग शिकले तरी नियमात बसतं. सटाण्यात दहावीचा निकाल लागला की ओट्याओट्यावर चर्चा रंगते ती सायन्स की आर्ट्स, नाशिकला ठेवायचं की थेट पुण्याला, याची. आपल्याच बागलाणात पंधराव्या-सोळाव्या वर्षी हाताला काय शिकता येतं आणि गावासाठी काय करता येतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. म्हणून ही माहिती. पोरापोरींनी वाचावीच, आईबापांनी त्यांच्या आधी वाचावी.

नापास? तरी चालेल!

सगळ्या ट्रेडना दहावी पास लागत नाही. वायरमन, वेल्डर, प्लंबर, सुतारकाम, शिवणकाम अशा काही ट्रेडना दहावी नापास विद्यार्थीही अर्ज करू शकतात. कोणत्या आयटीआयमध्ये कोणता ट्रेड आहे आणि किती जागा आहेत, ते दरवर्षी प्रवेशाच्या वेळी जाहीर होतं. एका विषयात घसरलेला पोरगा घरात तोंड लपवून बसतो आणि वर्षभरात त्याचं शिक्षण सुटतं, हे चित्र गावोगाव दिसतं. त्या घरात ही एवढी एक ओळ वेळेवर पोचायला हवी.

आणि आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, हा समज आता तरी सोडा. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्यासोबत ठरलेले भाषा विषय सोडवले, तर बारावीची समकक्षताही मिळते. फिटर होऊन पुढे इंजिनिअर होण्याचा रस्ता कागदावर आहे आणि त्या रस्त्यानं गेलेली माणसंही आहेत.

शिकता शिकता पैसे, तेही कायद्यानं

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ सालचा. त्यातही किमान वय १४ आहे. धोक्याच्या कामांसाठी १८. या उमेदवारीत विद्यावेतन मिळतं आणि ते मालकाच्या मर्जीवर नाही, कायद्यानं ठरलेलं आहे. एसटीच्या कार्यशाळांमध्ये शिकाऊ उमेदवार घेतात. आपल्याच जिल्ह्यात ओझरला, जिथे सुखोई विमानं बनली, तो हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखानाही आयटीआय झालेल्यांना शिकाऊ म्हणून घेतो. नामपूरच्या किंवा ताहाराबादच्या पोरानं लढाऊ विमानाच्या कारखान्यात शिकायचं स्वप्न पाहिलं, तर त्याला जिल्ह्याची हद्दही ओलांडावी लागत नाही.

आणखी दूर जायचंय? २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात इलेक्ट्रिशियन आहेत, ड्रायव्हर आहेत, नर्सही आहेत. तिथे पाय ठेवण्याआधी जर्मन भाषा शिकावी लागते, आणि भाषा शिकायला सोळावं वर्ष पंचविसाव्यापेक्षा केव्हाही चांगलं.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या उद्योगांत ठेवायलाही बंदी आहे. घरच्या शेतात शाळा सुटल्यावर किंवा सुटीत मदत केलेली चालते. पण विषारी औषधांची फवारणी पोराच्या हाती देऊ नका. कायदा काय म्हणतो ते नंतर, आधी त्याची फुप्फुसं. गॅरेजमध्ये 'शिकतोय' म्हणून वर्षानुवर्षं फुकट राबणाऱ्या पोराच्या हाती शेवटी ना दाखला येतो ना दाम. ही शिकवणी नव्हे.

डाळिंबाच्या बागेतली शाळा

बागलाणच्या पोरांना जे येतं ते शहरातल्या पदवीधरालाही येत नाही. मृग, हस्त आणि आंबे हे तीन बहार, त्यातला कोणता धरायचा, पानगळ कधी करायची, ताण किती द्यायचा, हे इथली पोरं जेवताना ऐकत मोठी होतात. डाळिंबाची रोपं बहुतेक गुटी कलमानं तयार होतात. ज्याला गुटी नीट बांधता येते, त्याच्या हातात रोपवाटिकेचा धंदा आहे. भगवा वाण लोकप्रिय झाला, मग तेल्यानं बागाच्या बागा बसवल्या, हे इथल्या घराघरानं सोसलंय. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर निर्जंतुक न करता नेली, की रोगही तिच्यासोबत जातो. म्हणजे पंधरा वर्षांच्या पोरीनं नेटानं कात्री निर्जंतुक करायची सवय लावली, तर घरची बाग वाचवायला तिचा हातभार लागतो. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे. शाळेची सहल वॉटर पार्कला जाते, ती एकदा तिकडे का जाऊ नये?

आणि हे वाचून कान टवकारा: ड्रोन उडवण्याचं अधिकृत प्रमाणपत्र मिळवायला पदवी लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार दहावी पास, वय १८ पूर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण, एवढं पुरतं. आज दहावीत असलेल्यांना तयारीला दोन-तीन वर्षं आहेत. द्राक्षावर आणि कांद्यावर फवारणीसाठी माणूस मिळत नाही म्हणून हैराण झालेल्या तालुक्यात या प्रमाणपत्राची किंमत वेगळी सांगायला नको.

पाबळ आणि एमआयटी

अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणक आणि यंत्रांच्या मदतीनं वस्तू घडवायची कार्यशाळा, कुठे सुरू झाली असेल? टोकियो? लंडन? पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात, २००२ मध्ये! हिंदुस्थान लीव्हरमधलं संशोधन सोडून आलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम उभा केला. शाळेत न रमलेली पोरं तिथे वेल्डिंग करतात, बांधकाम करतात, माती तपासतात, रक्तगट तपासायला शिकतात. आठवीनंतर एका वर्षाचा निवासी ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा त्यांचाच विषय राज्यातल्या कित्येक शाळांत आठवी ते दहावीला शिकवला जातो. आपल्या शाळेत तो का नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी विचारायला हरकत नाही.

मामलेदाराचं देऊळ

आता सेवेकडे. सटाण्याचं आराध्य दैवत कोण? एक सरकारी अधिकारी! मामलेदार यशवंत महादेव भोसेकर यांनी १८७० च्या आसपासच्या दुष्काळात उपाशी रयतेसाठी सरकारी खजिना उघडला. सव्वा लाखाहून जास्त रुपये वाटले गेले असं सांगतात. लोकांनी त्यांना देव मानलं आणि देवमामलेदार म्हणून त्यांचं देऊळ उभं राहिलं. मार्गशीर्ष वद्य एकादशीला त्यांची यात्रा भरते. स्वयंसेवेला याहून योग्य पाठशाळा कुठे सापडणार? पाण्याचे माठ भरणं, हरवलेलं लेकरू आईपर्यंत पोचवणं, म्हाताऱ्या माणसाला गर्दीतून हात धरून काढणं, ही कामं शाळकरी पोरापोरींनी हक्कानं मागून घ्यावीत.

शिस्तीत शिकायचं तर राष्ट्रीय सेवा योजना आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीत, २४ सप्टेंबर १९६९ ला, देशातल्या ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर. अकरावी-बारावीलाही ती अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत आहे. एनसीसीत तर शाळेपासून जाता येतं. 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळालं, तर पदवीनंतर सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या विशेष प्रवेशात लेखी परीक्षा माफ आहे. थेट मुलाखत मंडळासमोर. स्काउट-गाइडची 'खरी कमाई' आठवते? भेळ विकून, बूट पॉलिश करून पोरं पैसे जमवतात. त्या एका दिवसात हिशेब, बोलणं आणि श्रमाची लाज सोडणं हे तिन्ही धडे होतात. १५ वर्षं पूर्ण झाली की 'माय भारत' या केंद्र सरकारच्या व्यासपीठावर नोंदणी करता येते. ती २९ पर्यंत खुली.

साल्हेर आणि सिंहस्थ

१५६७ मीटर उंचीचा साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला आणि कळसूबाईनंतरचं दुसरं उंच शिखर. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या १२ किल्ल्यांत साल्हेर आहे, आणि तो आपल्या तालुक्यात आहे! आता लांबलांबचे पाहुणे येतील. त्यांना लढाई समजावून सांगणारी पोरगी साल्हेरवाडीतलीच असावी, असं मनापासून वाटतं. वाट दाखवणं, कचरा खाली आणणं, प्रथमोपचार ही कामं आजच करता येतात. दगड हलवणं, भिंत बांधणं मात्र परवानगीशिवाय नको. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणात आहे.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थाची मोठी पर्वं आहेत. गेल्या सिंहस्थात, २०१५ साली, नाशिकचा नीलय कुलकर्णी हा शाळकरी मुलगा आपल्या साथीदारांसह पावलं मोजणारी चटई घेऊन उतरला. गर्दी कुठे दाटतेय ते ती चटई सांगायची. २००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ जणांचे जीव गेले होते. ते पुन्हा होऊ नये म्हणून ही धडपड होती. पुढच्या सिंहस्थाला बागलाणातून काय जाईल, ते आत्ता शाळेत असलेल्यांनी ठरवायचं आहे.

कामाची शेवटची गोष्ट

आयटीआयचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि प्रवेश फेऱ्यांनी होतात. पहिल्या पसंतीला लिहिलेली जागा मिळाली तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. म्हणून पहिली पसंती मित्र सांगतो म्हणून लिहू नका. आधी आयटीआयमध्ये जाऊन ती कार्यशाळा डोळ्यांनी पाहून या. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, आणि वायरमनचा, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड त्यांनाही तितकाच खुला आहे. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि लागू असेल तर जातीचा दाखला एका पिशवीत निकालाआधीच भरून ठेवा. जातीच्या दाखल्याला वेळ लागतो. त्याचा अर्ज आजच टाका.