बांधावरच्या बाभळीची आरागिरणी

बीड जिल्ह्यात जंगल फार थोडं, एकूण क्षेत्राच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. तरी बाजाराच्या गावांतून आरागिरण्या चालल्या, त्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या झाडांवर. काळ्या रानातल्या बांधावरची बाभूळ, वस्तीवरचा कडुनिंब, वठलेला आंबा असा ओंडका बैलगाडीतून गिरणीत यायचा आणि तुळई, फळी किंवा औताचं लाकूड होऊन त्याच गाडीतून घरी जायचा.

अशी गिरणी बंद पडली की पत्रे, पट्टे आणि मोटार आधी विकली जातात. जमिनीत रोवलेलं तेवढं मागे राहतं. एका टोकाला सिमेंटचा चौथरा आणि त्यातून वर आलेले बोल्ट दिसतात; तिथे डिझेल इंजिन होतं. मधल्या खड्ड्यात आऱ्याचं खालचं चाक फिरायचं. दातेरी पोलादी पातं खालच्या आणि वरच्या चाकावरून अखंड फिरे. खालचं चाक त्याला गती देई, वरचं ताण. भुसा याच खड्ड्यात साचायचा. शेजारचे समांतर रूळ ट्रॉलीचे. ओंडका तिच्यावर आवळून पात्यावर ढकलला जाई.

खरं कसब मिस्त्रीचं होतं. दात एकाआड एक डावीउजवीकडे किंचित वाकवले नाहीत, तर पातं लाकडात अडकून तापतं. बाभूळ कठीण असल्याने दात लवकर बोथट होतात, पुन्हा पुन्हा घासावे लागतात. जुन्या झाडात एखादा खिळा किंवा तारेचा तुकडा गडप झालेला असला, तर पातं तुटून माणसाच्या जिवावर बेतायचं. म्हणून कापाआधी ओंडक्यावरून हात फिरवून त्याची साल, गाठ, चीर पाहिली जाई.

मोजमाप घनफुटात. घेराचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. सहा फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका या हिशेबाने साडेबावीस घनफूट भरतो. प्रत्यक्षात तो साडेअठ्ठावीसहून अधिक असतो. मधला फरक म्हणजे साल, कडेच्या फाका आणि भुसा यांची आधीच धरलेली तूट.

या धंद्यावर कायद्याची पकड घट्ट झाली ती सर्वोच्च न्यायालयातल्या गोदावर्मन खटल्यामुळे. १२ डिसेंबर १९९६च्या आदेशाने वनक्षेत्रातल्या विनापरवानगी आरागिरण्या थांबवल्या. ३० ऑक्टोबर २००२च्या आदेशानंतर केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय नवी गिरणी उघडणं बंद झालं. जंगलं वाचवण्यासाठी हे आवश्यकच होतं.

पण गावच्या गिरणीचं काम मुळात मागणीनेच काढून घेतलं. बैलगाडीला लोखंडी सांगाडा आणि रबरी टायर आले, तसं चाकाचा तुंबा आणि आरे घडवणं थांबलं. वखर-तिफणीची जागा ट्रॅक्टरच्या लोखंडी अवजारांनी घेतली. माळवदाऐवजी स्लॅब आला. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि छतावरच्या मातीचं ओझं जीवघेणं ठरलं, तेव्हा शेजारच्या जिल्ह्यांतही माळवदाची धास्ती बसली. त्याच भूकंपात काही घरांच्या भिंती ढासळल्या, तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. लाकडाची ही साक्ष फारशी कुणी ऐकली नाही.

वाडे आणि बारवा यांच्या नोंदी आपण करतो, तशी या अवशेषांचीही व्हायला हवी. चौथऱ्याची आणि खड्ड्याची मापं घ्यावीत, रुळांमधलं अंतर लिहावं आणि हयात मिस्त्रींकडून कोणत्या कामाला कोणतं लाकूड, कुठल्या बाजूने पहिला काप, हे नोंदवून घ्यावं. महाविद्यालयातल्या मुलांना एका सुट्टीत होण्यासारखं हे काम आहे. लोखंड भंगारात गेलं तरी मापांवरून यंत्र पुन्हा उभं करता येईल; लाकूड वाचणारी नजर मात्र मिस्त्रीला विचारल्याशिवाय मिळणार नाही. म्हणून सुरुवात मिस्त्रीच्या घरापासून करावी.