आधी पाणी, मग पत्ती

चहाची चव ओळखायला शिकवणारा कोणीही पानापासून सुरुवात करतो: आसामचं की दार्जिलिंगचं, दाणेदार की भुकटी. वरवट बकालमध्ये सुरुवात पाण्यापासून करावी लागते. संग्रामपूर तालुक्यातलं हे गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा. डोंगराच्या पायथ्याशी विहिरीचं पाणी गोड लागतं आणि पूर्णेकडे सरकावं तसं ते खारं होत जातं. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या या टापूला खारपाण पट्टा म्हणतात. त्यामुळे इथल्या एकाच घरात तीन-तीन पाणी असू शकतात: बोअरचं, वान धरणावरच्या १४० गाव योजनेतून नळाला येणारं आणि विकत घेतलेल्या कॅनचं. पाहुणा आला की ‘चाय मांड’ अशी हाक जाते आणि जे पाणी हाताशी असेल ते पातेल्यात पडतं. मग चहा आज बेचव का झाला म्हणून दोष पत्तीला.

म्हणून वेगवेगळ्या स्वादाचे चहा घरी करून पाहायचे असतील, तर पहिला प्रयोग मसाल्याशिवाय, दुधाशिवाय आणि साखरेशिवाय करा. तीन पातेल्यांत तीन प्रकारचं पाणी, प्रत्येकी २०० मिलिलिटर. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करून प्रत्येकात चहाचे दोन सपाट चमचे पत्ती टाका, म्हणजे साधारण ४ ग्रॅम. झाकण ठेवा, ६ मिनिटं थांबा आणि पांढऱ्या कपांत गाळा. हे प्रमाण मनाने ठरवलेलं नाही. चहाच्या चवपरीक्षेसाठी १९८० मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक निघालं, त्यात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं असंच सांगितलं आहे. चहा कसा करावा यावर पानंच्या पानं लिहिणाऱ्या ब्रिटिश मानक संस्थेला १९९९ मध्ये गमतीचा इग नोबेल पुरस्कारही मिळाला. पण हसण्याचा भाग सोडला तर पद्धत चोख आहे. हा चहा पिण्यासाठी चांगला लागावा हा तिचा हेतूच नाही, दोन चहांतला फरक दिसावा एवढाच आहे.

कोणत्या कपात कोणतं पाणी आहे हे चव घेणाऱ्याला कळू देऊ नका. घरातल्या दुसऱ्या कोणी तरी कप भरावेत आणि बुडाला खूण करावी. नाही तर कॅनला पैसे मोजले आहेत म्हणून कॅनचाच चहा छान वाटतो.

आता रंग पाहा. खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यातला चहा बहुधा गडद आणि मंद दिसतो, त्यात चमक नसते. थंड होताना वर तेलकट वाटणारी पातळ साय धरते. कॅनच्या पाण्यातला चहा तांबूस, झळझळीत आणि जिभेला जरा टोचणारा. नळाचा बहुतेक वेळा या दोघांच्या मधला. मात्र एका बोअरचं पाणी दुसऱ्यासारखं नसतं, तेव्हा तुमच्या कपात दिसेल तेच खरं धरा.

रंग का बदलतो? काळ्या चहाला रंग देणारी दोन मुख्य द्रव्यं आहेत, सोनेरी झाक देणारी थिआफ्लेविन आणि तपकिरी-लाल थिआरुबिजिन. दोन्ही सौम्य आम्लधर्मी. पाणी अल्कधर्मी असेल तर ती गडद होतात, आम्लधर्मी असेल तर फिकी पडतात. हे पाच मिनिटांत सिद्ध करता येतं. कोऱ्या चहाचे दोन कप घ्या, एकात लिंबाचे चार थेंब पिळा, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. लिंबाचा कप लगेच उजळतो, सोड्याचा काळवंडतो. बोअरच्या पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट क्षार चहाला काही अंशी याच सोड्याच्या दिशेने नेतात. वरच्या सायीचंही कोडं सुटलेलं आहे. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या मायकेल स्पायरो आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की ती साय पाण्यातला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, तसंच हवेतला ऑक्सिजन यांच्यामुळे धरते. ऊर्ध्वपातित पाण्यात ती येत नाही, आणि कपात लिंबू पिळलं तरी येत नाही. आपण उगाच भांडं घासणारीला बोल लावत असतो.

खारटपणाची गोष्ट वेगळी. मीठ कडूपणा दाबतं. कोऱ्या चहाची सगळी मजा थोड्या कडू आणि तुरट चवीत असते. ती दबली की चहा ‘सपक’ लागतो आणि आपण आणखी पत्ती टाकतो. पाणी जास्त वेळ उकळल्याने हे सुधारत नाही. उकळल्यावर काही क्षार पांढऱ्या थराने पातेल्याच्या बुडाशी बसतात, पण मीठ आणि फ्लोराइड जिथल्या तिथे राहतात. वाफ निघून गेली की उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण उलट वाढतं. दिवसभर त्याच पातेल्यात उकळत राहिलेला चहा संध्याकाळी खारट का लागतो, त्याचं उत्तर हेच. आपल्याला नको असलेलं हे मीठ आणि सोडा काश्मीरमध्ये मात्र मुद्दाम घालतात. तिथली नून चाय हिरवी पानं सोडा घालून खूप वेळ उकळून करतात, आणि दूध पडलं की गुलाबी होते.

पाणी ठरलं की पत्ती. किराणा दुकानातलं बहुतेक पाकीट सीटीसी चहाचं असतं. १९३० च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅकर्चर यांनी दातेरी रुळांचं यंत्र आणलं, त्यात पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे गोल दाणे होतात. हे दाणे झटपट रंग सोडतात आणि दुधापुढे हार मानत नाहीत. अद्रक-विलायचीचे प्रयोग यावरच करावेत. फुलाचा किंवा फळाचा नाजूक वास पाहायचा असेल, तर मात्र अख्ख्या पानाचा दार्जिलिंग, निलगिरी किंवा हिरवा चहा घ्यावा. हिरव्या चहाला उकळतं पाणी मानवत नाही, तो कडवट होतो. पाणी उकळून चार-पाच मिनिटं तसंच ठेवावं आणि मग त्यात पानं टाकावीत.

चव घेण्याची रीत सोपी आहे, फक्त लाज सोडावी लागते. कोलकाता, गुवाहाटी, कुन्नूर इथे चहाचे लिलाव होतात. तिथले परीक्षक चमच्यातला चहा आवाज करत जोरात ओढतात, तोंडात घोळवतात आणि थुंकून देतात. फुरका मारला की चहाचे बारीक तुषार होतात आणि वास घशामागून नाकात चढतो. स्वाद म्हणून आपण जे ओळखतो त्यातलं बरंचसं नाकाचंच काम असतं. बशीत ओतून फुरके मारणारी जुनी माणसं हेच करत होती आणि वर जीभही भाजू देत नव्हती. वाफाळत्या चहाची चव कळत नाही, जरा निवू द्यावा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अद्रक, तुळस, गवती चहा सगळं एकदम घातलं तर काढा होतो. तो गुणकारी असेल, पण त्यातून शिकायला काही मिळत नाही.

मसाल्यात खरं कौशल्य काय घालायचं यापेक्षा कधी घालायचं यात आहे. अद्रक ठेचून थंड पाण्यातच टाकावी आणि दुधाआधी दोन-तीन मिनिटं चांगली उकळू द्यावी. ताज्या अद्रकीत प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. ते कोमट दुधाला भेटलं की दूध फाटतं, उकळीने ते निकामी होतं. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात याच गुणाचा फायदा घेऊन गरम दुधात अद्रकीचा रस घालतात आणि दह्यासारखी गोड वाटी लावतात. सुंठीचा प्रकार निराळा. अद्रक वाळताना तिच्यातल्या जिंजेरॉलचं काही प्रमाणात शोगॉल होतं, आणि शोगॉल जास्त तिखट. म्हणून सुंठ अद्रकीपेक्षा कमी लागते आणि तिचा तिखटपणा जिभेपेक्षा छातीत जाणवतो.

विलायचीचा सुगंध उडून जाणारा असतो. ती सुरुवातीला टाकली तर वास स्वयंपाकघराला मिळतो, कपाला नाही. दाणे कुटून गॅस बंद करताना टाका आणि झाकण ठेवा. सालं हवी तर आधी उकळा. कलमीचं उलट, तिला चार-पाच मिनिटं उकळावंच लागतं. लवंग आणि तुळस दोन्हींत युजेनॉल हे एकच सुगंधी द्रव्य असतं, तेव्हा एका पातेल्यात दोन्ही घालणं मला तरी उधळपट्टी वाटते.

या भागात राहून पानपिंपरीचा चहा करून पाहिला नाही, तर मात्र आश्चर्य आहे. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी आणि अकोल्यातल्या अकोट भागात पानपिंपरीची शेती होते. विड्याच्या पानाची आणि काळ्या मिऱ्याची ही सख्खी बहीण, तिघींचं कुळ एक. तिखटपणा मिऱ्यासारखाच पायपरीनचा, पण तो हळूहळू चढतो, घशाशी रेंगाळतो आणि मागे किंचित गोडसर चव सोडतो. चार कपांना एक वाळलेली पिंपरी पुरे. ती भरड कुटून पाण्याबरोबर उकळावी. पहिल्या वेळी दुधाशिवाय, गुळाच्या खड्याबरोबर घ्या.

परसातल्या गवती चहाची पाती हा आणखी एक सोपा प्रयोग. तिच्यात सिट्रल असतं, लिंबाच्या सालीतही तेच. लिंबाचं आम्ल मात्र पातीत नसल्याने लिंबासारखा वास दुधाच्या चहातही मिळतो आणि दूध फाटत नाही. पाती कात्रीने बारीक कापून दोन मिनिटं उकळावी, फार उकळली की चहाला गवताची चव येते.

संत्र्याला हा नियम लागू नाही. सातपुड्याच्या कुशीत सोनाळ्याकडे संत्र्याच्या बागा आहेत, हंगामात साल फुकटच मिळते. फळ धुऊन घ्या, सालीच्या आतला पांढरा कडू गर सुरीने खरवडा आणि साल सावलीत कडकडीत वाळवा. कोऱ्या चहात तिचे दोन-तीन तुकडे झाकून ठेवले की पुरतं. रस आणि दूध एकत्र आणू नका. परदेशी अर्ल ग्रे चहाचं मोठं कौतुक होतं. त्यात बर्गमॉट नावाच्या अशाच एका आंबट फळाच्या सालीचं तेल असतं. आपल्या संत्र्याला कोणी इंग्रज उमराव भेटला नाही इतकंच.

मोगऱ्याचा चहा करायला सगळ्यात जास्त धीर लागतो. चहाची कोरडी पत्ती भोवतालचा वास शोषून घेते. चीनमधल्या फूच्यानमध्ये या गुणावर शेकडो वर्षं मोगऱ्याच्याच फुलांचा चहा होत आला आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी मिटलेल्या टपोऱ्या कळ्या तोडा. बरणीत हिरव्या चहाचा एक थर, कळ्यांचा एक थर असं भरून झाकण लावा. कळ्या रात्री उमलतात आणि तेव्हाच सर्वांत जास्त सुगंध सोडतात. सकाळी फुलं वेचून टाका, कारण ती राहिली तर कुजका वास देतात. फुलांचा ओलावा पत्तीत उतरलेला असतो, म्हणून ती ताटात पसरून सावलीत सुकवा. वास कमी वाटला तर दुसऱ्या दिवशी ताज्या कळ्या घालून पुन्हा तेच करा. पावसाळ्यात या फंदात पडू नये, बुरशी धरते. आणि पत्ती वास शोषते म्हणूनच चहाचा डबा हिंग-मिरचीच्या फळीवर ठेवू नये.

दूध आणि गुळाबद्दल थोडंसं. दुधातलं केसीन चहातल्या तुरट द्रव्यांना बांधून ठेवतं, म्हणून दुधाचा चहा मऊ लागतो. म्हशीचं दाट दूध सुगंधही दाबतं, तेव्हा नाजूक वासाच्या चहात दूध नकोच. गूळ थोडा आंबट असेल तर उकळत्या चहात दूध फाटतं. चहा खाली उतरवून गूळ विरघळवावा आणि तापवलेलं दूध शेवटी घालावं. गुळाला स्वतःचाही थोडा क्षार असतो, त्यामुळे बोअरच्या पाण्यात गुळाचा चहा दुहेरी खारट होतो.

ज्येष्ठमधाने चहा छान गोड होतो, पण रक्तदाब वाढतो. दाबाच्या गोळ्या चालू असतील तर तो वगळावा. जेवणाबरोबरचा चहा डाळ-भाजीतलं लोह अंगी लागू देत नाही, त्यामुळे अशक्तपणा असलेल्यांनी जेवण आणि चहा यांत तासभर तरी जाऊ द्यावा. ज्या गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे तिथे बोअरचं पाणी चहालाही वापरू नये, कारण चहाच्या पानातही फ्लोराइड असतं.

नळाला रोज पाणी येतंच असं नाही आणि कॅनचे पैसे पडतात, त्यामुळे कोणतं पाणी कोणत्या चहाला द्यायचं हे ठरवून घेतलेलं बरं. फ्लोराइडची तक्रार नसलेलं बोअरचं पाणी सुंठ, कलमी आणि पानपिंपरीच्या दुधाळ चहाला चालून जातं, कारण हे मसाले खारटपणापुढे दबत नाहीत. गवती चहाला नळाचं पाणी द्या. संत्र्याच्या सालीचा आणि मोगऱ्याचा चहा कॅनच्या पाण्यातच करा, नाही तर तोडलेल्या कळ्या फुकट जातील.