दिव्यांगांच्या हक्कांसाठी झटणारे विद्यार्थी आणि महाविद्यालयीन गौरवाचे निकष

प्रस्तावना :
३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनी दृष्टिहीन सहाध्यायांसाठी लेखनिक म्हणून काम केलेल्या स्वयंसेवकांचा सत्कार होतो. ही प्रथा स्तुत्यच आहे. मात्र लेखनिक वेळेवर मिळावा म्हणून परीक्षा विभागाकडे लेखी पाठपुरावा करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव सत्काराच्या यादीत सहसा आढळत नाही. सेवा करणारा विद्यार्थी व हक्काची बाजू मांडणारा विद्यार्थी यांतील हा भेद लक्षात घेऊन गौरवाच्या निकषांचा विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

सेवा व हक्क :
राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास हे तिचे मोजमाप होय. तास मोजण्याची ही पद्धत श्रमदानाला शोभते. हक्कांच्या कार्याला ती पुरत नाही. अर्ज लिहिण्यास अर्धा तास लागतो, परंतु त्यातून ग्रंथालयाच्या दारी झालेला उतार पुढील प्रत्येक तुकडीच्या उपयोगी पडतो.

शिवाय कायद्याची भूमिकाही बदलली आहे. १९९५ च्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या अधिनियमात ते २१ झाले. त्याच्या कलम १६ मध्ये शैक्षणिक इमारती व परिसर सुगम करण्याची, कलम १७ मध्ये परीक्षेत वाढीव वेळ व लेखनिक यांची, तर कलम ३२ मध्ये शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागांची तरतूद आहे. म्हणजे विद्यार्थी जे मागतो ती कृपा नव्हे, संस्थेचे कर्तव्य आहे. तरीही असा विद्यार्थी 'तक्रारखोर' ठरतो, ही खेदाची बाब होय.

गॅलॉडेटचे उदाहरण :
या संदर्भात अमेरिकेतील वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट विद्यापीठाची घटना उद्बोधक आहे. कर्णबधिरांसाठीच्या या संस्थेची पदवी-परंपरा १८६४ पासूनची. परंतु सव्वाशे वर्षांत एकही अध्यक्ष कर्णबधिर नव्हता. मार्च १९८८ मध्ये विश्वस्त मंडळाने कर्णबधिर उमेदवारांना डावलून पुन्हा ऐकू येणाऱ्या व्यक्तीची निवड केली, तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडले. त्यांच्या मागण्या चार होत्या : नव्या अध्यक्षांचा राजीनामा, मंडळाच्या प्रमुखांचा राजीनामा, मंडळात कर्णबधिरांचे ५१ टक्के बहुमत आणि आंदोलकांवर सूडबुद्धीने कारवाई न करणे. आठवडाभरात त्या मान्य झाल्या व आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले.

यातील चौथी मागणी अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. बोलणाऱ्याला संरक्षण नसेल, तर नंतर दिलेले मानचिन्ह पोकळ ठरते. दुसरे असे की, तेथे बाजू मांडणारे स्वतः कर्णबधिर होते. आपल्या समारंभांत दिव्यांग विद्यार्थी बहुधा लाभार्थी म्हणून छायाचित्रात असतो, सत्कारमूर्ती म्हणून क्वचितच.

निकषांविषयी :
गौरवासाठी तासांऐवजी घडून आलेला बदल पाहावा आणि तो खरोखर उपयोगी पडला काय, हे दिव्यांग विद्यार्थ्यांनाच विचारावे. निवड समितीतही त्यांना स्थान असावे. अडचण शिफारशीची आहे. ज्या विभागाविरुद्ध अर्ज केला, त्याच विभागाच्या प्रमुखाकडे अंतर्गत गुण व शिफारसपत्र या दोन्ही गोष्टी असतात. म्हणून शिफारशीचा अधिकार विभागाकडे न ठेवता समान संधी कक्षाकडे द्यावा. आणि तो कक्ष तळमजल्यावर असावा, हे निराळे सांगावयास नको.