आवळा, कोहळा आणि लास व्हेगस

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आई-वडिलांच्या यादीत नायगारा आणि न्यूयॉर्कच्या पाठोपाठ लास व्हेगस येतंच. परत आल्यावर नातेवाइकांना सांगायचं वाक्यही ठरलेलं असतं: ‘आम्ही नुसतं बघायला गेलो होतो, खेळलो नाही.’ ते बहुतेक वेळा खरं असतं. पण आजचं लास व्हेगस चालतं ते असं म्हणणाऱ्यांच्याच जिवावर. पत्त्याला हात न लावणारं, शो बघणारं, फिरणारं, छान जेवणारं जोडपं हेच तिथलं हवंहवंसं गिऱ्हाईक आहे. ते तसं कसं झालं, याचा इतिहास जुगाराच्या इतिहासापेक्षा रंजक आहे.

धरण आणि पगाराचा दिवस

15 मे 1905 रोजी एका रेल्वे कंपनीने नेवाडाच्या वाळवंटातल्या जमिनीचा लिलाव केला आणि हे गाव वसलं. 1931 साली दोन गोष्टी एकदम घडल्या. मंदीने बेजार झालेल्या नेवाडा राज्याने 19 मार्चला जुगार कायदेशीर केला. शिवाय घटस्फोटासाठीची राज्यातल्या वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणली. त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचं काम सुरू झालं. कामगारांसाठी सरकारने बोल्डर सिटी नावाची वसाहत बांधली आणि तिथे दारू-जुगाराला बंदी घातली. जुगारबंदी तिथे आजही आहे. साहजिकच पगाराच्या दिवशी कामगार लास व्हेगसची वाट धरत.

आज आपण हॉटेलांच्या ज्या ‘स्ट्रिप’ नावाच्या रस्त्यावर फिरतो, तिथलं पहिलं रिसॉर्ट ‘एल रांचो व्हेगस’ 1941 मध्ये उघडलं. 26 डिसेंबर 1946 रोजी उघडलेल्या ‘फ्लेमिंगो’मागे बग्सी सीगल हा गुंड होता आणि सहा महिन्यांत त्याचा खून झाला. कर टाळण्यासाठी कॅसिनोवाल्यांनी शहराची हद्द आपल्यापर्यंत येऊ दिली नाही. 1950 मध्ये तिथे ‘पॅरडाइज’ हे वेगळं प्रशासकीय क्षेत्र झालं. त्यामुळे बहुतेक पर्यटक लास व्हेगसला जातात, पण राहतात मात्र लास व्हेगस शहराच्या हद्दीबाहेर.

आधी आवळा

जुन्या व्हेगसचं गणित सरळ होतं. खोली स्वस्त, जेवण त्याहून स्वस्त, गाणं-बजावणं जवळपास फुकट. वसुली जुगाराच्या टेबलावर. पोटभर बुफेची प्रथा इथे 1940 च्या दशकात एल रांचोने पाडली. उद्देश एकच, रात्री उशिरा भूक लागली म्हणून खेळणारा बाहेर पडू नये. फ्रँक सिनात्रा ‘सँड्स’मध्ये गायचा, एल्व्हिस प्रेस्लीने 1969 ते 1976 या काळात एकाच हॉटेलात सहाशेहून जास्त कार्यक्रम केले. कार्यक्रमाने पैसे मिळवावेत, अशी मालकांची अपेक्षाच नव्हती. त्याने माणसं गोळा करायची, बाकीचं टेबल बघून घेई. आवळा देऊन कोहळा काढणं याहून वेगळं काय असतं?

तो कोहळा कसा निघतो, हे रूलेटच्या चाकावर स्वच्छ दिसतं. अमेरिकी चाकावर 38 खण असतात. 1 ते 36 आकडे लाल-काळे, शून्य आणि दुहेरी शून्य हिरवे. तुमचा आकडा लागला तर एका डॉलरला 35 डॉलर मिळतात आणि लावलेला डॉलर परत येतो. आता समजा, तुम्ही प्रत्येक खणावर एकेक डॉलर ठेवला. खर्च 38. चेंडू कुठेही थांबला तरी हातात येणार 36. दोन डॉलर हॉटेलचे. म्हणजे शंभरामागे 5.26. यात लबाडी नाही, चाकही तिरकं नाही. एकच शून्य असलेल्या चाकावर हेच प्रमाण 2.70 असतं आणि अलीकडे स्ट्रिपवर आलेल्या तीन शून्यांच्या चाकावर 7.69. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळातही तेच. पूर्वी ‘ब्लॅकजॅक’ लागल्यावर दहा डॉलरवर पंधरा मिळत. आता कमी रकमेच्या बहुतेक टेबलांवर बारा मिळतात. टेबलावरच्या कापडावर तसं स्पष्ट छापलेलं असतं, पण ते वाचतं कोण?

एखादा तासाभरात जिंकून उठतोही. पण हॉटेलचा भरवसा एका तासावर नसतो, माणूस किती वेळ बसतो यावर असतो. म्हणून खेळणाऱ्याला दारू अजूनही फुकट मिळते. बिल फ्रीडमन या जाणकाराचा सल्ला होता की छत खाली ठेवा, वाटा वळणावळणाच्या ठेवा, नजर यंत्रांवरून हटू देऊ नका. रॉजर थॉमस या सजावटकाराने ‘बेलाजियो’ आणि ‘विन’मध्ये त्याच्या नेमकं उलट केलं. उंच छत, फुलं, दिवसाचा उजेड. माणूस प्रसन्न असला की हात सैल सोडतो, हा त्याचा हिशेब, आणि तो बरोबर निघाला.

ज्वालामुखीनंतर

22 नोव्हेंबर 1989 रोजी स्टीव्ह विन या हॉटेलमालकाने ‘मिराज’ उघडलं. दारात पेटणारा कृत्रिम ज्वालामुखी, आत सीगफ्रीड आणि रॉय या जादूगारांचे पांढरे वाघ. खर्च सुमारे 63 कोटी डॉलर. कर्ज फेडायला रोज दहा लाख डॉलर मिळवावे लागणार, म्हणून लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पैसे मिळाले, आणि पुढच्या दहा वर्षांत पिरॅमिडचं ‘लक्सर’, कालव्यांचं ‘व्हेनेशियन’, निम्म्या उंचीच्या आयफेल टॉवरचं ‘पॅरिस’ अशी रांग लागली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांच्या उत्पन्नातला जुगाराचा वाटा निम्म्याखाली आला. खोल्या, जेवण, दारू आणि तिकिटं यांनी त्याला मागे टाकलं. आवळाच आता कोहळ्याच्या भावाने विकला जाऊ लागला.

ही विक्री होते मात्र अस्सल कलेची. बेलाजियोत 1998 पासून चालू असलेला सर्क द्यू सोले या सर्कस कंपनीचा ‘ओ’ हा प्रयोग बघावा. रंगमंचाच्या जागी सुमारे 57 लाख लिटर पाण्याचा तलाव आहे. त्याचा तळ यंत्राने वर-खाली होतो. आत्ता नट जिथे घोट्याएवढ्या पाण्यात चालत होता, तिथेच काही क्षणांनी दुसरा छताजवळून सूर मारतो. तो वर येत नाही, म्हणून आपला जीव टांगणीला. खाली पाणबुडे हवेच्या नळ्या घेऊन त्याची वाट बघत असतात. पुढे 2003 मध्ये सेलिन डिऑनसाठी ‘सीझर्स पॅलेस’ने चार हजार खुर्च्यांचं नाट्यगृहच बांधलं आणि नामवंत गायकांनी इथे मुक्काम ठोकायची पद्धत रुळली. 29 सप्टेंबर 2023 ला ‘यू टू’ बँडच्या कार्यक्रमाने उघडलेल्या ‘स्फिअर’वर तर 230 कोटी डॉलर खर्च झाले. तो 366 फूट उंच गोल आहे आणि आतला पडदा प्रेक्षकाच्या डोक्यावरून मागे जातो. स्वतः मिराज मात्र जुलै 2024 मध्ये बंद पडलं. जुनं पाडून नवं बांधण्यात या गावाला कधी वाईट वाटत नाही.

बिलाच्या खालच्या ओळी

समजा खोलीचं भाडं 120 डॉलर आहे. त्यावर ‘रिसॉर्ट फी’ 50. खोलीवरचा कर तेरा टक्क्यांहून थोडा जास्त आणि तो फीवरही लागतो. रात्रीचे 192 डॉलर इथेच झाले. गाडी उभी करायचे पैसे बहुतेक मोठ्या हॉटेलांत वेगळे. मे 2025 पासून अमेरिकी केंद्र सरकारच्या नियमानुसार हॉटेलांना आणि कार्यक्रमाच्या तिकिटांना सक्तीच्या शुल्कासह पूर्ण किंमत आधी दाखवावी लागते. फी गेलेली नाही, लपलेली तेवढी बाहेर आली. जॅकपॉटचंही एक कलम आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या भारतीयाला स्लॉट मशीनवर मोठं बक्षीस लागलं, तर 30 टक्के कर जागेवर कापला जातो. रूलेट किंवा ब्लॅकजॅकमधल्या जिंकण्यावर तो कापला जात नाही.

भिंतीबाहेरचं व्हेगस

या प्रवासातला सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ आनंद कॅसिनोच्या बाहेर आहे. बेलाजियोचे कारंजे फुकट आहेत. संध्याकाळनंतर दर पंधरा मिनिटांनी ते संगीतावर नाचतात, काही धारा 460 फुटांपर्यंत उसळतात. पाण्याची ही उधळपट्टी बघून आपल्यातल्या दुष्काळ बघितलेल्या माणसाला कसंनुसं होतं. हकीकत वेगळी आहे. हॉटेलांच्या नळातून आणि मोऱ्यांतून जाणारं पाणी शुद्ध करून पुन्हा मीड सरोवरात सोडतात आणि तेवढंच पाणी परत उचलायची मुभा मिळते. खरं पाणी संपतं ते हिरवळीवर, म्हणून शोभेचं गवत 2027 पासून बंद करणारा कायदा नेवाडाने 2021 मध्येच केला.

हे सरोवर हूव्हर धरणामागे आहे, व्हेगसहून तासाभराच्या अंतरावर. 221 मीटर उंचीची भिंत 1935 मध्ये पुरी झाली. पाणी किती उतरलंय हे काठच्या खडकांवरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून कळतं. रेड रॉक कॅनियनचा तेरा मैलांचा रस्ता अर्ध्या दिवसात होतो. ग्रँड कॅनियनला जाताना मात्र नीट विचारून घ्यावं. काचेचा ‘स्कायवॉक’ आहे तो भाग राष्ट्रीय उद्यानात नाही, हुआलापाई या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर आहे. तिथे जायला दोन-अडीच तास लागतात. चित्रांत दिसणारी अफाट दरी हवी असेल तर दक्षिण काठ, म्हणजे एका बाजूचे सुमारे साडेचारशे किलोमीटर. तिथे एक मुक्काम करणंच शहाणपणाचं.

मांडवी आणि मुंबई

आपल्याकडचा कॅसिनोंचा इतिहासही गमतीदार आहे. 1976 मध्ये गोव्यात सार्वजनिक जुगारावर बंदी घालणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर ठेवणारा कायदा मंजूर केला. पुढे गोव्याने 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि 1996 मध्ये जहाजांवर टेबलांना वाट करून दिली. महाराष्ट्राचा कायदा मात्र कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला. बंदीवाल्या राज्यात कॅसिनो आले, परवानगीवाल्या राज्यात नाहीत. पणजीला मांडवीतल्या जहाजांवर प्रवेशाच्या पैशांतच जेवण आणि नाचगाणं मिळतं. व्हेगसचं जुनं गणित तिथे अजून चालू आहे.

तेव्हा दोघांनी व्हेगसला जरूर जावं. शनिवार-रविवार टाळावा, तीन रात्री पुरे. एका उत्तम प्रयोगाची तिकिटं आधी काढावीत, एक दिवस धरणाला आणि एक लाल खडकांना द्यावा. खेळायची हौस असेल तर ठरावीक रक्कम वेगळी काढून ती नाटकाच्या तिकिटासारखी खर्ची टाकावी, आणि एकाच शून्याचं चाक शोधावं. नाही खेळलात तरी हॉटेलवाल्याला फसवल्याचा आनंद मानू नका. त्याचं बिल तुम्ही चुकतं केलेलंच असतं. त्या बिलात आपल्याला काय हवं आणि काय नको, एवढं जाण्याआधी घरीच ठरवा.