उत्तरेचा उजेड

गिरणीच्या आवारातला गाळा बघायला आलेला माणूस आत पाऊल टाकतो आणि आधी वर बघतो. लोअर परळला ऑफिससाठी जागा शोधत हिंडताना मी हे अनेकदा पाहिलं. खाली फरशी उखडलेली असते, भिंतीवर आधीच्या भाडेकरूच्या प्लायवूडच्या खुणा असतात, कोपऱ्यात वायरींचं भेंडोळं पडलेलं असतं. तरी मान वर जाते. वीस फुटांवर लोखंडी कैच्या असतात आणि त्यांच्यामधून शांत, एकसारखा उजेड खाली उतरत असतो. दलालाने तोवर कार्पेट किती, चार्जेबल किती, डिपॉझिट किती हे सगळं सांगून टाकलेलं असतं. त्याच्या हिशेबात फक्त जमीन असते. आपलं मन मात्र छताने जिंकलेलं असतं.

अशा जागेला जाहिरातीत ‘लॉफ्ट ऑफिस’ म्हणतात. आपल्याकडे लॉफ्ट म्हटलं की स्वयंपाकघरावरचा माळा डोळ्यांपुढे येतो, पितळी भांडी, गणपतीचं मखर आणि जुन्या गाद्या ठेवण्याचा. मुंबईच्या बांधकाम नियमातही लॉफ्ट म्हणजे सामान ठेवण्यापुरता, दीड मीटरहून कमी उंचीचा माळाच. ऑफिसवाला लॉफ्ट आला न्यूयॉर्कहून. तिथल्या सोहो भागात ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागाचे जुने कारखाने आणि गोदामं ओस पडली, आणि १९६०च्या सुमारास चित्रकार-शिल्पकार त्यांत शिरले. भाडं कमी, खिडक्या मोठ्या, छत उंच. कायद्याने तिथे राहता येत नव्हतं, तरी ते राहिले. शेवटी १९८२ साली न्यूयॉर्क राज्याने त्यांच्यासाठी लॉफ्टचा कायदा केला. त्याच वर्षी, १८ जानेवारीला, मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. तिकडे रिकाम्या कारखान्यांना नवे रहिवासी मिळत होते आणि इकडे भरलेले कारखाने रिकामे होत होते.

ही उंची कुणी हौसेने बांधली नव्हती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली, आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा चिमण्यांनी भरून गेलं. यंत्रं लँकेशायरची आणि इमारतींचा नमुनाही तिथलाच. सूतकताई मजल्यांवर चालायची, विणकाम मात्र शक्यतो जमिनीवर, कारण शेकडो साचे (विणकर मागाला साचाच म्हणत) एकदम धडधडू लागले की मजला हादरायचा. एकाच वाफेच्या इंजिनाची ताकद छताजवळून जाणाऱ्या लांब लोखंडी दांड्यांवरून फिरायची, आणि त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे प्रत्येक साच्यापर्यंत खाली यायचे. खांब छत तोलायचे आणि दांड्याही तोलायचे. दांड्या, पट्टे, गरम हवा आणि तंतूंची धूळ यांना डोक्यावर जागा हवी होती, म्हणून छत वर गेलं.

उजेडाचं कारण सूत. तुटलेला धागा विणकराच्या नजरेला क्षणात पडला पाहिजे, म्हणजे कापडावर सावली नको आणि थेट ऊनही नको. म्हणून छत करवतीच्या दात्यांसारखं केलं. दात्याची एक बाजू पत्र्याची किंवा कौलांची आणि दुसरी, उभट बाजू काचेची, तोंड उत्तरेला. उत्तरेकडून सूर्य येत नाही, फक्त आकाश येतं. लँकेशायरमध्ये भर दुपारी तरी हे बारा महिने खरं आहे. मुंबई मात्र एकोणिसाव्या अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. जूनमध्ये पाऊस ढग आणून वाचवतो. मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र अशा शेडमध्ये बसलेल्यांच्या टेबलांवर उन्हाच्या तिरक्या पट्ट्या उमटतात आणि जो तो स्क्रीन फिरवतो. मी स्वतः त्या पट्टीखाली बसून प्रुफं तपासली आहेत. मँचेस्टरच्या आखणीत मुंबईचा सूर्य कुठे बसला नाही, ते त्या पंधरा दिवसांत कळतं.

ह्या शेड शिल्लक का राहिल्या, याचं उत्तर नियमाच्या एका कलमात आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरवली. ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळी जागा म्हणून महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. पण उभ्या इमारतीत, तेवढ्याच बांधकामात वापर बदलला, तर वाटणी टळत होती. मग काही मालकांनी शेड तशाच ठेवल्या, आतले साचे भंगारात गेले, आणि गाळे पाडून ते जाहिरात संस्था, छायाचित्रकार, फॅशनवाले, संकलनाचे स्टुडिओ यांना दिले. कमला मिल, मथुरादास मिल, सन मिल ही नावं गिरण्यांच्या पाट्यांवरून ऑफिसांच्या पत्त्यांत गेली ती अशी. २००१ साली नियम बदलला. आता वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची झाली, बांधकामाखालच्या जमिनीची नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल मान्य केला. जुनं राखण्यातला फायदा संपला आणि टॉवर उठले. मोकळी मैदानं आणि कामगारांची घरं यांचा जो वाटा शहराला मिळायचा होता, तो फार आक्रसला. हे नुकसान मला आजही सलतं. शेडची वाखाणणी करताना ते बाजूला ठेवता येत नाही.

कामगार चालत यायचे. भोंगा झाला की करी रोडच्या, डिलाईल रोडच्या चाळींतून माणसं निघायची. नवे कर्मचारी विरारहून आणि कल्याणहून येतात. त्या जुन्या स्टेशनांच्या अरुंद पुलांवर पडलेला हा भार २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडला चेंगराचेंगरीत २३ जणांच्या जिवावर उठला. जागा बघताना म्हणून मी सकाळी साडेनऊला स्टेशनवरून चालत जातो. दलालाच्या गाडीतून दुपारी बाराला गेलं की रस्ता फार छान वाटतो.

आता कागद. मुंबईत ऑफिस भाड्याने घेणं म्हणजे बहुधा लीव्ह अँड लायसन्स, साठ महिन्यांपर्यंतचं. त्यात आपण भाडेकरू नसतो, लायसन्सी असतो. मुदत संपली की जागा सोडायची. करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. साठ महिन्यांच्या एकूण भाड्यावर मुद्रांक शुल्क पाव टक्का. कळीचा शब्द ‘चार्जेबल’. समजा दलाल म्हणाला चार्जेबल १,५०० चौरस फूट, दर १५० रुपये, म्हणजे महिन्याला सव्वादोन लाख. टेप लावून मोजलं तर वापराचं कार्पेट ९०० निघतं. म्हणजे खरा दर २५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४०,५०० रुपये, आणि देखभालीचा आकार वेगळा. लॉक-इन किती वर्षांचा, दर कधी आणि किती चढणार, फर्निचर करायला बिनभाड्याचे किती दिवस मिळणार, हे बोलायला लाजू नये. हे सगळे आकडे बोलण्यावर हलतात.

यांतला एकही आकडा उंचीचा नाही. तरी उंचीची किंमत दर महिन्याला द्यावी लागते. ९०० फुटांची खोली दहा फूट उंच असेल तर हवा ९,००० घनफूट, वीस फूट असेल तर १८,०००. वर सिमेंटचे किंवा लोखंडी पत्रे तापलेले असतात. एसीवाल्याने फक्त चौरस फूट विचारून टनेज सांगितलं, तर तो माणूस बदलावा. आवाजाचंही तसंच. विटांच्या भिंती आणि पत्रा यांच्यामध्ये एक फोन वाजला की सहा जणांच्या माना वळतात. कैच्यांखाली जाड नमदा किंवा कापडाचे पट्टे टांगावे लागतात. आणि पाऊस. करवतीच्या दोन दात्यांमध्ये पन्हळ असते, आणि सगळ्या छताचं पाणी तिच्यात उतरतं. आवारातल्या पिंपळाची पानं तिच्यात साचली की पाणी काचेच्या चौकटीतून आत येतं. पन्हळ साफ कोण करणार, मालक की आपण, हे करारात लिहून घ्यावं. एका जुलैत आमचे छापायला निघालेले चार गठ्ठे याच एका न लिहिलेल्या ओळीपायी भिजले.

उंची दिसली की माळा चढवायचा मोह होतो. अर्धी जागा फुकट मिळाली असं वाटतं. पण माणसं बसतील असा पोटमाळा चटईक्षेत्रात धरला जातो, महापालिकेची परवानगी लागते, आणि जिना एकच असेल तर तो सापळा होतो. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागून १४ माणसं गेली. त्या रात्रीनंतर मी गाळा बघायला गेलो की उजेडाच्या आधी दुसरं दार शोधतो. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. ते शेवटचं कधी दिलं, ते बघायला मागावं. वापर औद्योगिकचा व्यापारी झाल्याचा कागद आणि ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, हेही. कागद दाखवताना ज्याला राग येतो, त्याच्या छताखाली माणसं बसवू नयेत.

पुस्तकांची मांडणी करणारे आम्ही सहा जण शेवटी एका आवारातल्या टोकाच्या गाळ्यावर थांबलो. दुसरं दार होतं, मागच्या बोळात उघडणारं. बाहेर खुर्ची टाकून बसलेले वॉचमन काका आमच्या मागोमाग आत आले. पूर्वी ते ह्याच आवारात बदली कामगार होते. त्यांनी एका खांबावर तळहात ठेवला. डोक्यापासून हातभर वर, लोखंडात बोल्टची चार भोकं होती, रंगाचे थर बसून अर्धी बुजलेली. “इथं ब्रॅकेट होतं,” काका म्हणाले. “पट्टा असा खाली यायचा.” त्यांनी हात तिरका खाली आणला आणि तो थांबला तिथे आमच्या मोजणीप्रमाणे प्रिंटर येणार होता.

करारनाम्याच्या मसुद्यात मालमत्तेच्या परिशिष्टात नेहमीचं होतं: गाळा क्रमांक, सर्व्हे नंबर, चतुःसीमा, कार्पेट. आम्ही वकिलाला एक ओळ वाढवायला सांगितली. फरशीपासून कैचीच्या खालच्या दांडीपर्यंत उंची १९ फूट ४ इंच, उत्तरेकडील काचा उघड्या, खालून अथवा वरून झाकायच्या नाहीत. वकील म्हणाला, असं कुणी लिहीत नाही. मालकाने दोनदा वाचलं, वर बघितलं आणि प्रत्येक पानावर सही केली.